निसर्गराव

मूल होण्याआधी निसर्गराव तुमच्याआमच्यासारखेच होते. वडापाव कशात बांधून दिलाय हे न पाहता खायचे. २३ जून २०१८ रोजी राज्यात प्लास्टिकच्या पिशव्यांवरची बंदी अमलात आली, त्या दिवशी कोथरूडात भाजीवाल्याशी हुज्जत घालताना मी त्यांना या डोळ्यांनी पाहिलंय. पिशवी दिली तर पहिल्याच वेळी पाच हजारांचा दंड आहे, असं तो बिचारा हात जोडून सांगत होता. हे विचारत होते, ‘‘मग कोथिंबीर काय कानात घालून नेऊ?’’ शेवटी ती जुडी हेल्मेटमध्ये घालून घरी गेली. तेव्हा त्यांना निसर्गराव कुणी म्हणत नसे. आईवडिलांनी ठेवलेलं एक साधं नाव होतं, आणि आमची दारं समोरासमोर असल्याने मी त्याच नावाने हाक मारायचो.

मग मुलगा झाला.

प्रसूतिगृहातून निघताना बाळासोबत एक खोकं मिळालं. पावडर, तेल, साबण, असलं काहीबाही. इतर बाप अशा वेळी बाळाचं नाक कुणावर गेलंय ते बघतात. यांनी पावडरचा डबा उलटा केला आणि मागचं मुंगीच्या पावलांएवढं छापलेलं वाचायला घेतलं. रिक्षा घरी पोहोचेपर्यंत ते वाचतच होते. त्या दिवसापासून या माणसाने जगाकडे समोरून बघणं सोडलं. कुठलीही वस्तू हातात आली की आधी तिची पाठ. एकदा मी दिवाळीचा फराळ घेऊन गेलो, तर सवयीने त्यांनी ताटलीही उलटायला घेतली होती. चकल्या थोडक्यात वाचल्या.

मुलाचा जन्म २०२३चा. ते आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष होतं, हा त्यांना दैवी संकेत वाटला. नावसुद्धा मातीतलं हवं म्हणून त्यांनी ‘बहावा’ सुचवलं. ‘‘शाळेत वाहवा वाहवा करतील,’’ असं म्हणून वहिनींनी ते उडवून लावलं. मग ‘पळस’ आलं. त्यावर त्यांच्या आई, म्हणजे आमच्या काकू, एवढंच म्हणाल्या, ‘‘पाने तीन.’’ अखेर बारशाला आत्याने बाळाच्या कानात कुर्र करून तिसरंच नाव सांगितलं आणि वाद मिटला. घरी त्याला पिलू म्हणतात.

आणि बापाला सोसायटी निसर्गराव म्हणू लागली.

आमचा मुलगा पिलूहून दोन महिन्यांनी मोठा. त्यामुळे निसर्गरावांच्या प्रबोधनाचा पहिला लाभार्थी मीच. ठिकाण बहुधा लिफ्ट. सहावा मजला ते तळमजला एवढ्या वेळात ते एक विषय पूर्ण करायचे. माझ्या हातात डायपरचं भलंमोठं पुडकं असे आणि त्यावरचं ते गुटगुटीत बाळ निसर्गरावांकडे बघून हसत असे.

‘‘दिवसाला सहा धरा,’’ ते सुरू करायचे. ‘‘वर्षाला दोन हजार एकशे नव्वद. अडीच वर्षं वापरलेत तर साडेपाच हजारांच्या घरात. आत प्लास्टिक, लाकडाचा लगदा आणि पाणी शोषून जेली होणारी पावडर. कुजणार कधी? सवाई माधवरावांना चाळीस दिवसांचे असताना पेशवाईची वस्त्रं मिळाली ना? त्या वस्त्रांखाली असला एक डायपर असता, तर तो अजून कुठेतरी असाच पडलेला असता!’’

पुण्यात कुठलाही मुद्दा पेशव्यांपर्यंत नेला की समोरच्याचं तोंड बंद होतं. मी गप्प. पुढे पुढे मी पुडकं जर्किनच्या आत घालून आणायला लागलो. मे महिन्यात जर्किन घालून, पोट पुढे काढून लिफ्टची वाट बघणाऱ्या मला तळमजल्यावरच्या आजोबांनी काळजीने विचारलं, ‘‘बाकी तब्येत बरी ना?’’

निसर्गरावांच्या घरी अर्थातच कापडी लंगोट. पण काकूंच्या पेटीतले मलमलचे, नाडीचे, तीनकोनी नव्हेत. नव्या जातीचे, बटणांचे. हत्ती, होड्या, ढग छापलेले. एकेकाची किंमत आठशेच्या आसपास, आणि असे चोवीस. बिल बघून काकू म्हणाल्या, ‘‘एवढ्यात तुझं आणि तुझ्या बहिणीचं, दोघांची लग्नं झाली असती.’’ निसर्गराव म्हणाले की ही गुंतवणूक आहे. वहिनी काही बोलल्या नाहीत. त्यांनी त्यातला एक लंगोट उचलला, उलटा केला आणि पाठ वाचली. नवऱ्याकडून घेतलेला एवढा एकच गुण. बाहेरचं अस्तर पॉलिएस्टरचं, त्यावर पॉलियुरेथेनचा थर. ‘‘म्हणजे प्लास्टिकच ना हे?’’ त्यांनी विचारलं. ‘‘हो, पण हे पुन्हा पुन्हा वापरायचं प्लास्टिक,’’ निसर्गराव म्हणाले. तत्त्वज्ञानाला असा एक मागचा दरवाजा ठेवावाच लागतो.

आता प्रश्न आला, धुणार कोण?

धुण्याभांड्याच्या मावशींनी बादली पाहिली आणि पदर खोचायच्या ऐवजी सोडला. ‘‘दादा, कपड्यांचं ठरलंय. हे त्यात धरलेलं नाही.’’ आठशे रुपये वाढवून देतो म्हटल्यावर म्हणाल्या, ‘‘माझ्या नातवाला मीच डायपर आणून देते. तुमचं कुठं धुवू?’’ मग ते काम, घरातली अशी सगळी कामं जशी जातात तशी, कुणी कुणाला न सांगता वहिनींकडे गेलं. वहिनी अजून रजेवर होत्या. ‘रजा’ या शब्दामुळे घरातल्यांचा गैरसमज होतो.

निसर्गराव मात्र कामातून सुटले असं कुणी म्हणू नये. ते अभ्यास करत. साबण बंद होऊन रिठे आले. रिठ्यांत फेस करणारं द्रव्य असतं, नदीला त्रास नाही, हे सगळं खरं. पण आमच्या सोसायटीला अर्धं पाणी बोअरचं. त्या जड पाण्यात आणि रिठ्यांत काय बोलणं व्हायचं कोण जाणे, पण महिनाभरात होड्या चिखलात रुतल्या आणि ढग पावसाळी झाले. मीही मोहात पडून चार रिठे मोज्यात बांधून मशीनमध्ये टाकले होते. माझा पांढरा शर्ट मातकट होऊन निघाला. निसर्गराव म्हणाले, ‘‘हा त्याचा मूळ रंग.’’

एप्रिलमध्ये टँकर सुरू झाले, तेव्हा वहिनींनी आघाडी उघडली. त्यांनीही अभ्यास केला होता. इंग्लंडात २००८ साली सरकारी खात्याने डायपर आणि कापडी लंगोट यांचा जन्मापासून कचऱ्यापर्यंतचा हिशेब मांडला होता. अडीच वर्षांत फेकायच्या डायपरांमुळे सुमारे ५५० किलो कार्बन, आणि सरसकट सवयीने धुतलेल्या कापडी लंगोटांमुळे ५७०. म्हणजे लंगोट वीस किलोंनी पुढेच. हा आकडा वहिनींनी जेवताना, आमटी वाढल्यावर, सावकाश सांगितला.

निसर्गरावांनी रात्र जागून तो अहवाल वाचला आणि सकाळी विजयी चेहऱ्याने बाहेर आले. पुढचं पान वहिनींनी सांगितलं नव्हतं. यंत्र पूर्ण भरून धुतलं, ड्रायर न लावता दोरीवर वाळवलं आणि तेच लंगोट दुसऱ्या मुलालाही वापरले, तर दोनशे किलो वाचतात!

‘‘यंत्र भरतोच आपण,’’ ते म्हणाले. ‘‘वाळवतोही दोरीवर. आता फक्त...’’

एवढं बोलून ते थांबले. वहिनी वर बघत होत्या. काकूही बघत होत्या. पिलूसुद्धा बघत होता. पर्यावरणासाठी दुसऱ्या अपत्याचा प्रस्ताव मांडणारा हा पृथ्वीवरचा पहिलाच पुरुष असावा. प्रस्ताव अनुमोदकाअभावी बारगळला.

निसर्गरावांचं स्वयंपाकघर हा स्वतंत्र विषय आहे. पिलूचे सहा महिने झाले आणि नाचणी आली. नाचणीत शंभर ग्रॅमला साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम, दुधाच्या जवळजवळ तिप्पट. हे मला इतक्यांदा ऐकवलं गेलंय की झोपेतून उठवलं तरी सांगेन. तयार सत्त्वाची पाकिटं बाजारात मिळतात. पण पाकीट म्हटलं की पाठ आली. म्हणून नाचणी भिजवायची, फडक्यात बांधून मोड आणायचे, सावलीत वाळवायची, हलकी भाजायची, दळायची, वस्त्रगाळ करायची. या क्रिया सांगताना निसर्गराव प्रत्येक क्रियापदाच्या शेवटी ‘आपण’ घालत. ‘‘मोड आणतो आपण, वाळवतो आपण.’’ त्या ‘आपण’मध्ये काकूंचे दोन हात, वहिनींचे दोन हात आणि निसर्गरावांचं तोंड एवढं यायचं. पिलू त्यातलं दोन चमचे खायचा, तिसरा भिंतीवर. ‘‘त्या कॅल्शियमने भिंत तरी मजबूत होतेय,’’ असं काकूंचं मत.

जैविक फरशीपुसणं तर पूर्ण मजल्याने ऐकलं. एक भाग गूळ, तीन भाग लिंबासंत्र्याच्या साली, दहा भाग पाणी, आणि तीन महिने मुरवायचं. पहिला महिनाभर वायू होतो, म्हणून रोज झाकण सैल करायचं. करणारे लोक हे प्लास्टिकच्या बाटलीत करतात, कारण ती फुगते पण फुटत नाही. निसर्गरावांच्या घरात प्लास्टिकला बंदी, म्हणून काचेची बरणी. झाकण रोज सैल करायचं काम त्यांनी स्वतःकडे घेतलं होतं. मग ते तीन दिवसांसाठी कामानिमित्त नागपूरला गेले.

रात्री दोनला धडाम आवाज झाला. सिलिंडर गेला असं वाटून मी पोराला काखेत मारून जिन्यात. वरचे खाली, खालचे वर. समोरचं दार उघडलं तर वहिनी हातात झाडू घेऊन उभ्या. छताला संत्र्याची साल चिकटलेली, आणि सगळ्या मजल्यावर असा ताजा, आंबटगोड सुगंध, की सेक्रेटरींनी नाराजीतही एक खोल श्वास घेतला. काकू म्हणाल्या, ‘‘फरशी पुसायचं होतं. भिंतीही झाल्या.’’

निसर्गरावांना खऱ्या अर्थाने दमात घेतलं ते बालरोगतज्ज्ञ बाईंनी. डासांसाठी हे रोज तिन्हीसांजेला कडुलिंबाचा पाला आणि गोवरी जाळून खोली धुराने भरत. पिलूचा खोकला हटेना. त्यातच त्यांनी आठव्या महिन्यात मधाचं बोट चाटवलं होतं, जंगलातला, न तापवलेला, म्हणून फार अभिमानाने. बाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. डॉक्टरने चष्मा काढला की समजावं.

‘‘मध वर्षाच्या आत अजिबात नाही. त्यात असे जिवाणू असू शकतात की तान्ह्या पोटात त्यांचं विष तयार होतं. जंगलातला असो, नाहीतर दुकानातला. आणि धूर तो धूरच, कडुलिंबाचा असला तरी फुप्फुसाला त्याचं झाड कळत नाही.’’

‘‘पण मॅडम, हे सगळं नैसर्गिक आहे.’’

‘‘धोतराही नैसर्गिकच आहे,’’ बाई म्हणाल्या. ‘‘मच्छरदाणी आणा.’’

तीनशे रुपयांची मच्छरदाणी आली. इतकी वर्षं ती बोहरी आळीत टांगलेली होतीच. पण जी गोष्ट सोपी, स्वस्त आणि आजीलाही माहीत, तिचा निसर्गरावांना शोध लागायला वेळ लागतो. तिच्यावर सांगण्यासारखं काही नसतं ना!

प्रबोधनाच्या ओघात त्यांनी एकदा चुकीच्या माणसाला गाठलं. आमच्याकडे कचरा घ्यायला ताई येतात. पुण्यात ‘स्वच्छ’ नावाची कचरावेचकांचीच सहकारी संस्था आहे, तिच्या त्या सभासद. वीस वर्षं हातांनी कचरा निवडलेली बाई. तिला निसर्गराव ओला कचरा आणि सुका कचरा समजावत होते. ताईंनी ढकलगाडीला टेकून सगळं ऐकून घेतलं. मग त्यांच्याच डब्यातून एक ब्रश उचलला.

‘‘दादा, ह्यो ओल्यात का सुक्यात?’’

‘‘बांबूचा आहे तो,’’ निसर्गराव खुलले. ‘‘मातीत जातो पूर्ण.’’

‘‘दांडी जाईल. केस नायलॉनचे हायत.’’ त्यांनी अंगठ्याने ब्रशाचे केस मागे मोडून दाखवले. ‘‘पक्कड घिऊन उपटून द्या. मंग दांडी ओल्यात, केस सुक्यात.’’

त्या रविवारी निसर्गराव गॅलरीत पक्कड घेऊन बसलेले दिसले. एकेक झुबका उपटत होते. मला वाटलं, दातच काढतायत कुणाचे.

पण शिखर गाठलं पहिल्या वाढदिवसाला. जून महिना. फुगे नाहीत, थर्माकोल नाही, कागदी टोप्या नाहीत. पत्र्या-प्लास्टिकऐवजी सावंतवाडीची लाकडी फळं मांडलेली. केक नाचणीचा, गुळाचा, आणि इतका पौष्टिक की सुरी अडकली. जेवायला स्टीलची चाळीस ताटं, नातेवाइकांकडून गोळा केलेली, प्रत्येकाच्या कडेला कुणाच्या ना कुणाच्या आजीचं नाव कोरलेलं. एका टोपलीत मुलांसाठी नाचणीचे लाडू. दुसऱ्या टोपलीत परतभेट म्हणून बीजगोळे: माती आणि शेणखताचा गोळा, आत चिंच नाहीतर बहाव्याचं बी. पावसाच्या तोंडावर टेकडीवर टाकले की झाड उगवतं. दोन्ही वहिनींनीच वळलेले, म्हणून आकाराने सारखे. रंगही तोच.

पुढे काय झालं हे चाणाक्ष वाचकाला कळलंच असेल. एका पोराने बीजगोळा तोंडात घातला. त्याच्या आईने किंकाळी फोडली. पोराला मात्र चवीत फारसा फरक जाणवलेला दिसला नाही. धावपळीत टोपल्या हलल्या आणि कुठली कुठली हेही कुणाला सांगता येईना. निसर्गराव एकेक गोळा नाकाशी नेऊन हुंगत होते. परत जाताना मुलांना जे मिळायचं ते मिळालं. आमच्या मुलाच्या वाट्याचा गोळा आम्ही कुंडीत पेरला आणि तीन दिवस पाणी घातलं. चौथ्या दिवशी मुंग्या आल्या, तेव्हा कळलं की आम्ही लाडू पेरला होता.

पाहुणे गेल्यावर चाळीस ताटं उरली. मावशींना सुट्टी होती. वहिनींनी ती मोरीत रचली, हात पुसले आणि पिलूला घेऊन खोलीत गेल्या. आतून कडी लागली. मी आणि निसर्गराव रात्री साडेबारापर्यंत ताटं घासत होतो. पहिल्या दहा ताटांपर्यंत ते कागदी पत्रावळीला किती पाणी लागतं यावर बोलत होते. विसाव्या ताटाला बोलणं थांबलं. पस्तिसाव्या ताटाला मला वाटलं ते काहीतरी पुटपुटतायत. कान दिला, तर काठावरची नावं वाचत होते.

खरा घाव घातला काकूंनी, त्याच पावसाळ्यात.

काकूंबद्दल निसर्गराव बाहेर फार कौतुकाने बोलत. ‘‘आमच्या आईच्या पिढीत सगळं शाश्वतच होतं,’’ हे त्यांचं ठरलेलं वाक्य. काकूंच्या वागण्याशी ते फारसं जुळायचं नाही. काकू दुधाच्या पिशव्या उभ्या चिरून, धुऊन स्वयंपाकघराच्या फरश्यांवर चिकटवतात आणि वाळल्यावर रद्दीवाल्याला किलोवर विकतात. मुलाने फेकलेले प्लास्टिकचे डबे त्यांच्या पलंगाखाली सुखरूप आहेत. बंदीआधीच्या पिशव्यांचा साठा गादीखाली आहे, आणि महापालिकेची धाड पडलीच तर त्या गादीवरून उठणार नाहीत.

जुलैचे दिवस. आठ दिवस उन्हाचं तोंड नाही. घरात आडव्या-उभ्या दोऱ्या, दोऱ्यांवर ओले हत्ती आणि ओल्या होड्या. त्या ओलेत्या जंगलातून वाकून वाट काढत मी साखर मागायला गेलो होतो. निसर्गराव सवयीने म्हणाले, ‘‘आईला विचारा, त्यांच्या वेळी कुठे होते डायपर? चार पोरं वाढवली.’’

काकू नाचणी निवडत होत्या. त्यांनी ताट बाजूला ठेवलं.

‘‘वाढवली ना. सकाळी पाचला उठून, गार पाण्यात, वाड्यातल्या सामायिक नळावर. रोजची वीस-वीस दुपटी. पावसात वाळायची नाहीत, म्हणून शेगडीवर टोपली पालथी घालून तिच्यावर वाळवायची. एकेक. मध्ये डोळा लागला की जळायचं. धुरकट वास यायचा तुम्हा सगळ्यांना. तुला अजून येतो कधीकधी.’’ मग थोडं थांबून, अगदी सहज म्हणाल्या, ‘‘तुझ्या वेळी माझं बी.ए.चं शेवटचं वर्ष होतं. दुपटी वाळवण्यातून पुस्तक हातात आलंच नाही. तेव्हा डायपर मिळाला असता, तर मी बी.ए. झाले असते.’’

आणि पुन्हा नाचणी निवडायला लागल्या.

मी साखर न घेताच परतलो. त्या घरात त्या वेळी साखर मागणं बरं दिसलं नसतं, आणि तसाही तिथे गूळच असतो.

दुसऱ्या दिवशी पहाटे आमच्या गॅलरीतून समोरच्या मोरीचा दिवा दिसला. निसर्गराव उकिडवे बसून लंगोट घासत होते. तिसऱ्या दिवशीही. त्या आठवड्यात लिफ्टमध्ये ते मला भेटले, पण बोलले नाहीत. नुसतं बोटांकडे बघत होते, बोटांच्या टोकांना सुरकुत्या पडलेल्या. माझ्या जर्किनमधून पुडक्याचा कोपरा बाहेर आला होता. त्यांनी तो पाहिला आणि नजर दुसरीकडे वळवली. त्या क्षणी मला हा माणूस पहिल्यांदा आवडला.

हात ओले व्हायला लागले तसं त्यांचं तोंड कोरडं पडत गेलं. आणि गंमत म्हणजे घरातल्या गोष्टी गळायलाही लागल्या. जे त्यांना स्वतःला करायला जमलं तेवढंच टिकलं. रिठे गेले, साधी पावडर आली, तीही मोजून अर्धा चमचा. मुरवणीच्या बरणीला कायमची रजा. नाचणी राहिली, पण दळण गिरणीतून येतं आणि ते आणायला निसर्गराव जातात. कापडी पिशवी राहिली, मच्छरदाणी राहिली. स्टीलची ताटं राहिली, मात्र वाढदिवसाला बोलावणी आठच. कंपोस्टचा डबाही राहिला, जरी सुरुवातीला त्यात अळ्या झाल्या तेव्हा मजल्यावर आणीबाणी जाहीर झाली होती. ओलं जास्त झालं की होतं तसं. वाळका पाला घालायचा, वर आंबट ताक शिंपडायचं. हे त्यांनी मला सांगितलं, तेही मी विचारल्यावर. मी विचारेपर्यंत त्यांनी वाट बघितली होती!

लंगोटही राहिले, दिवसा. रात्रीचं मला माहीत नव्हतं.

ते कळलं परवा. कचऱ्याची गाडी लवकर यायची म्हणून मी सहालाच डबा घेऊन खाली गेलो. एका हातात वर्तमानपत्रात बांधलेली पुडी. डायपर असा वेगळा बांधून वर लाल ठिपका काढून द्यायचा असतो, म्हणजे निवडणाऱ्या बाईला उघडून बघावं लागत नाही. ‘स्वच्छ’च्या बायकांनीच काही वर्षांपूर्वी ही लाल ठिपक्याची खूण रुजवली. जिन्याच्या वळणावर निसर्गराव उभे. त्यांच्याही हातात वर्तमानपत्राची पुडी. आम्ही दोघांनीही तत्काळ त्या पुड्या पाठीमागे लपवल्या, आणि दोघांच्याही लक्षात आलं की आपण दोघांनीही लपवल्यात.

‘‘रात्रीपुरता,’’ ते हळूच म्हणाले. ‘‘एकच. हिला झोप मिळते. मलाही.’’

तेवढ्यात ताई आल्या. माझी पुडी घेतली, गाडीच्या वेगळ्या पिशवीत टाकली. निसर्गरावांची हातात घेऊन उजेडात धरली.

‘‘ह्याच्यावर ठिपका कुठंय, दादा?’’

‘‘आहे की. तो काय.’’

‘‘त्यो? चहाचा डाग वाटला मला. कशानं काढला?’’

निसर्गराव खाली बघत म्हणाले, ‘‘बिटाच्या रसाने.’’

ताई काही क्षण त्यांच्याकडे बघत राहिल्या. ‘‘बीट वाळलं की तपकिरी पडतं. मला दिसलं नसतं, तर मी उघडली असती ना पुडी?’’ बोलण्यात राग नव्हता. रोज हाताला काय काय लागतं हे माहीत असलेल्या माणसाचा नुसता हिशेब होता. निसर्गरावांचा चेहरा मात्र बिटासारखा झाला, आणि तो रंग तपकिरी पडेना.

‘‘चुकलंच,’’ ते म्हणाले. मग माझ्याकडे वळले. ‘‘शेजारी, लाल पेन आहे का हो?’’

माझ्या खिशात होतं. त्यांनी गुडघ्यावर पुडी टेकवून रुपयाएवढा ठसठशीत ठिपका काढला, पुन्हा एकदा गिरवला आणि ताईंच्या हातात दिली. पेन परत करता करता त्यांचा हात थबकला. सवयच ती. त्यांनी पेन उलटं केलं, डोळ्यांजवळ नेलं आणि विचारलं,

‘‘ह्याची रिफिल बदलता येते ना?’’